एका दिरहमची बाकी

अल नहदा, शारजा
शुक्रवार, २० फेब्रुवारी

प्रिय ममता,

कागदावर पत्र लिहायची सवय इतकी गेली आहे की तीन पानं फाडून हे चौथं घेतलं. फोनवरच बोलले असते, पण कार्तिकापासून विघ्नेशचं नाव काढलं की तुझी भाकरी तरी करपते, नाहीतर दारात कोणीतरी येतं. स्वतःच्या नवऱ्याचं नाव ऐकून फोन ठेवणारी बाई मी तुझ्याखेरीज पाहिली नाही. पत्राला तसं करता येणार नाही. फार तर चुलीत घालशील. घाल, पण शेवटपर्यंत वाचून मग घाल.

इकडे रमजान लागला आहे. माझ्या नवऱ्याचं, दत्तप्रसादचं, दुबई मरीनातलं ऑफिस आता लवकर सुटतं, तरी शारजाच्या ट्रॅफिकमधून घरी पोचेपर्यंत त्याचा जीव मेटाकुटीला येतो. लेक, ओवी, माझ्या कानापर्यंत आली. मी मराठीत ओरडते, ती शांतपणे इंग्रजीत उत्तर देते, आणि भांडण कोण जिंकलं ते दोघींनाही कळत नाही. आमच्या टीव्ही-फोनच्या दुकानात सेलची झुंबड आहे. फक्त मी आता हप्त्याच्या कार्डांच्या काउंटरवर बसत नाही. डिसेंबरात स्वतः मागून वॉरंटीच्या टेबलावर गेले. महिन्याचं सहाशे दिरहम कमिशन गेलं, म्हणजे चौदा-साडेचौदा हजार रुपये. मॅनेजर म्हणाला, अस्मिता, तू तर माझी सगळ्यात जास्त कार्डं विकणारी बाई, तुला झालं काय? मी पाठदुखी सांगितली. पाठ माझी ठणठणीत आहे.

तुझ्या सासूबाई, आपल्या ठकुकाकी, गेल्या महिन्यात स्वप्नात आल्या. नेहमीसारख्या डोळे बारीक करून बघत होत्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही त्यांना एका डोळ्याने दिसायचं नाही, आणि व्हिडिओ कॉल लावला की त्या तुझ्या हातातला फोन नाकाला लावायच्या. "फोनात माझो झील मुंगीएवढो दिसता," असं लेकाबद्दल म्हणायच्या. विघ्नेश दर महिन्याला एक रविवार जबल अलीहून दोन बस बदलून आमच्याकडे जेवायला यायचा ना, तेव्हा हे वाक्य त्याने मला तीनदा सांगितलं होतं. दोनदा हसत, तिसऱ्यांदा नुसतंच. त्याच दिवशी मी त्याला म्हटलं, अरे, मग मोठा टीव्ही घेऊन पाठव, फोन त्याला जोडला की काकींना तू भिंतीएवढा दिसशील. म्हणजे ती कल्पनाही माझीच. तुला वाटत आलं असेल की त्याला गल्फची हवा लागली म्हणून त्याने टीव्ही पाठवला.

दोन वर्षांपूर्वीच्या रमजान सेलमध्ये तो दुकानात आला. पंचावन्न इंची टीव्ही आणि तुझ्यासाठी चांगल्या कॅमेऱ्याचा फोन, दोन्ही मिळून छत्तीसशे दिरहम. त्याने तिथेच उभ्याने गुणाकार केला, शहाऐंशी हजार रुपये, आणि टीव्हीवरचा हात काढून घेतला. मी लगेच आमच्या दुकानाच्या कार्डाचा फॉर्म पुढे केला. महिना तीनशे भर, बारा महिने, व्याज शून्य. माझ्या शेजारची सबा तेच सगळ्यांना हिंदीत सांगायची, "भाईजान, झिरो परसेंट, टेन्शन खलास." फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात पुढची ओळ होती. बाराव्या महिन्याच्या शेवटच्या तारखेला एक पैसा जरी उरला, तर व्याज शून्य राहत नाही. मग ते पहिल्या दिवसापासून मोजतात, सगळ्या वर्षाचं, आणि एकदम लावतात. ती ओळ मी त्याला वाचून दाखवली नाही. मागे रांग होती, आणि विघ्नेश म्हणजे घरचा माणूस, हप्ता चुकवणाऱ्यातला नव्हे. त्या कार्डाचे मला चाळीस दिरहम मिळाले. त्यांचा मी हेअरकट केला. एवढं लख्ख आठवतंय, याचीच लाज वाटते.

आणि त्याने हप्ता चुकवला नाही, ममता. एकही नाही. टीव्ही कार्गोने पोचला तेव्हा तू मला व्हिडिओ पाठवला होतास. काकी पडद्यासमोर उभ्या, विघ्नेश हसतोय, आणि त्या त्याच्या गालावरून हात फिरवतायत. "केदो मोठो झालो गे माझो झील!" मी तो व्हिडिओ काउंटरवर सबाला दाखवला. ती मल्याळी, तिला शब्द कळले नाहीत, तरी रडली.

आता मला तुझ्या वडिलांच्या दुकानात घेऊन जायचं आहे तुला. तात्यांचा गल्ला, त्यामागे दहावी झालेली तू, आणि बरणीतल्या लिमलेटच्या गोळ्यांवर डोळा ठेवून बसलेली मी. तात्यांचा नियम आठव. कोणी उधारी फेडायला आला की सगळे पैसे ते घ्यायचेच नाहीत. एक रुपया परत सरकवायचे आणि म्हणायचे, कोरा खाता बरा दिसना नाय, रवांदे एक रुपयो, म्हणजे परत येशीत. अख्ख्या वाडीत कोणाचं खातं कधी कोरं झालं नाही. आणि विघ्नेशने तर त्या नियमाचं सोनं केलं. साबण घे, एक रुपया ठेव. दुसऱ्या दिवशी तो रुपया द्यायला ये, काडेपेटी घे, पुन्हा एक रुपया ठेव. तू वहीत लिहिताना मान खाली घालून हसायचीस. तात्यांना वाटायचं पोरगा फार सरळ आहे. मला गप्प बसायच्या दोन गोळ्या मिळायच्या.

गेल्या वर्षीच्या रमजानात तो शेवटचा हप्ता भरायला आला. रोजा सुटायची मगरिबची बांग नुकतीच झाली होती, चहाच्या टपऱ्या उघडत होत्या. त्याने कॅशियरकडे दोनशे नव्याण्णव दिरहम भरले आणि उरलेलं एक दिरहमचं नाणं माझ्यासमोर नाचवत म्हणाला, "एक ठेवलंय हा खात्यात. तात्यांचो जावय आसंय मी." इतका खुशीत होता. ममता, मला ती ओळ ठाऊक होती. महिन्याला पंधरा-वीस फॉर्म मी त्या ओळीसकट फाइल करत होते. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर तुझी वही आली, लिमलेटची बरणी आली, आणि वर्षानुवर्षं या उंच इमारतींत राहून कोणीतरी आपल्या गावचं काहीतरी केलं म्हणून मला भरून आलं. मी हसून म्हटलं, "ठेव मगे." त्या दिरहमचा आम्ही बाहेर कडक चहा घेतला, अर्धा अर्धा.

इतका महाग चहा मी आयुष्यात प्यायले नाही. त्या एका दिरहमवर वर्षभराचं साडेसातशे व्याज चढलं. त्याला कळलंच नाही, कारण हिशोब ईमेलवर जायचा आणि फोनवर येणारे इंग्रजी मेसेज तो जाहिराती समजून पुसायचा. त्याच्या लेखी तिथे एक दिरहम होता, तोही प्रेमाचा. मग दर महिन्याला उशिराचा दंड, दंडावर व्याज. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, इथे तर कोंबडीही नव्हती. कार्तिकात वसुलीवाल्याचा पहिला फोन आला तेव्हा आकडा तेवीसशेवर गेला होता. पंचावन्न हजार रुपये. तो माणूस हिंदीत म्हणाला, आठ दिवसांत भरा, नाहीतर केस होईल, एअरपोर्टवरच पकडतील.

त्याच आठवड्यात काकी न्हाणीत पडल्या.

तू त्याला कणकवलीच्या हॉस्पिटलातून फोन केलास, आणि त्याने पाच मिनिटांत मला केला. मी काउंटरवर होते. त्याचा आवाज अगदी लहान झाला होता. "तिकिटाचे पैसे आसत गे. पण एअरपोर्टार धरतले काय माका? तू थंय बसतंस, तुका म्हायत असतला." मला माहीत नव्हतं. पण विचारता आलं असतं, वसुलीचं ऑफिस आमच्याच मजल्यावर आहे, बावीस पावलांवर. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कार्ड कोणी विकलं, बाकी कशी राहिली, ते निघालं असतं. मी म्हटलं, "नक्की सांगता येत नाही. रिस्क घेऊ नको. आधी पैसे भरून टाक." नोकरी जाईल, व्हिसा जाईल, असंही म्हटलं. त्याने माझं ऐकलं. कारण मी शिकलेली, मी तिथे बसणारी, आणि मी तुझी मैत्रीण. तिकिटाचे पैसे त्याने तुला हॉस्पिटलसाठी पाठवले, तीस हजार. तू मला म्हणालीस, पैसे फेकले की झालं का. ते तिकिटाचे होते हे मी तुला सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी काकी गेल्या. पुढचं तू पाहिलंस, मी फक्त ऐकलं आहे. ओटीवर काकींना ठेवलेलं, आणि आत भिंतीवर विघ्नेश, भिंतीएवढा. गाव येऊन बघत होतं. आधी काकींना, मग त्याला. कोणीतरी म्हणालं, "झिलान टीव्ही धाडल्यान, आपण मात्र येवक नाय." चुलतभावाने, महादूने, मडकं उचललं तेव्हा विघ्नेश पडद्यातून हाका मारत होता, आणि तू उठून फोन बंद करून टीव्हीचा प्लग काढलास. मी तुला दोष देत नाही. मी तिथे असते तर मीही काढला असता. पण पलीकडच्या बाजूला काय होतं ते तुला कोणी सांगितलं नाही. जबल अलीच्या त्या खोलीत सहा जण राहतात. पडदा काळा झाल्यावर त्याला वाटलं नेट गेलं, म्हणून तो फोन हातात धरून जिन्यात, मग गच्चीवर, मग रस्त्यावर रेंज शोधत फिरला. संध्याकाळपर्यंत. प्लग तू काढलास हे त्याला महादूने बाराव्या दिवशी सांगितलं.

डिसेंबरात मी शेवटी ती बावीस पावलं चालले. तिथल्या माणसाने कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि हसून म्हणाला, एवढ्याशा रकमेवर कोण केस करतं? फोनवर घाबरवतात तेवढंच. केस नव्हती, बंदी नव्हती. त्या दिवशी विघ्नेश विमानात बसला असता तर त्याला कोणी बोटही लावलं नसतं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले, आणि घरी येऊन दत्तप्रसादला सगळं सांगितलं. ओवी दारात उभी होती. तिने विचारलं, "मम्मा, बट यू न्यू द रूल, राइट?"

पुढच्या रविवारी विघ्नेश जेवायला आला तेव्हा त्यालाही सांगितलं. तेवीसशे मी भरते म्हटलं. ते त्याने दोन पगारांतून केव्हाच भरले होते, कोरं करून. तो ताटातल्या भाताची मूद मोडत बसला. मग म्हणाला, मुद्दाम नाय केलंस तू. आणि जाताना चपला घालत म्हणाला, "ममताक सांगू नको. तिका तू एकटीच मैतरीण आसंस." चार महिने तू त्याला दगड म्हणतेस, आणि तो दगड तुझी मैत्रीण राखत गप्प बसला आहे. मी त्याला वचन दिलं होतं. ते आज मोडते आहे.

कारण परवा तुझा मेसेज आला. कंपनीचं दोन वर्षांतून एकदाचं तिकीट मिळून तो गुरुवारी शिमग्याला घरी येतोय, आणि तू बुधवारीच कुलूप लावून भावाकडे जाणार, चावी महादूकडे ठेवणार, परत येणार की नाही ते सांगता येत नाही म्हणतेस. ममता, हे चोर सोडून संन्याशाला सुळी देणं झालं. चोर मी आहे. मला हवं ते बोल, माझा नंबर काढून टाक, शिमग्यात माझ्या नावाने बोंब मार, मी ऐकून घेईन. हे पत्र देवगडच्या हारुनच्या हातात देते आहे, तो रविवारी निघतो, सोमवारी तुझ्या अंगणात येईल, म्हणजे बुधवारच्या आत तुला मिळेल. तुमच्या लग्नात विघ्नेश तात्यांना तो शेवटचा रुपया द्यायला गेला होता, आठवतं? तात्यांनी घेतला नाही. जावयाचं खातं कोरं करायचं नसतं म्हणाले. ती वही तुझ्याच पेटीत आहे, आणि त्यात त्याच्या नावावर तुझ्या अक्षरात एक रुपया अजून बाकी आहे. कुलूप लावायचंच असेल तर आधी तो रुपया वसूल कर. आणि तेवढ्यासाठी तरी गुरुवारी दारात थांब.

तू म्हणशील तर अजूनही तुझीच,
अस्मिता