टेकडीवरचा नारळ

भागवतच्या बाबांना नमस्कार.

फोनवर तुमाला धड ऐकू येत न्हाई आन् तुमी नुसतं "व्हय व्हय" म्हणता, म्हणून लिहून राहिले. माझी तब्येत बरी हाय. मंगळवारी दवाखान्यात पुन्हा बोलावलंय, पण ते नुसतं बघायला. छातीत आता तेवढं दुखत न्हाई.

डॉक्टर चालायला सांगतात, म्हणून काल भागवतनं इथं पुण्यातल्या एका टेकडीवर नेलं. टेकडी म्हणल्यावर मी नारळ घेतला, पायथ्याला चपला काढल्या. बसत-उठत चढले. वर बघते तर देवच न्हाई! नुसती झाडं, बाकडी आन् खाली पसरलेलं पुणं. एका बाईला इचारलं तर ती हसली, "मावशी, इथं लोक फिरायला येतात." देव नसताना एवढं काहून चढायचं?

पण वर नेलेला नारळ तसाच खाली कसा आणायचा? भागवतला म्हणलं, "आपलं शिरड कोणीकडं ते दाखव." त्यानं उगवतीकडं बोट केलं. तिकडं तोंड करून नागनाथाचं नाव घेतलं आन् दगडावर नारळ फोडला. समद्यांना खोबरं वाटलं. कानात वायरी घातलेल्यांनीबी हात पुढं केला.

हळद शिजवायला कढई मिळाली का? एकटेच वाफेत उभे राहू नका. शेजारच्या कोमलकडून भाकरी घेत जा, लाजू नका.

तुमच्या वाट्याचं खोबरं वाळत घातलंय. भागवत म्हणला, कुरियरनं पाठवू. मी न्हाई म्हणलं. ते मीच घेऊन येणार हाय.

तुमची,
नर्मदा