मनालीचं कार्ड

सोमवार, १६ जून
घोडपदेवच्या बालवाडीत आज पहिला दिवस. चाळीच्या तळमजल्यावरचा हॉल, चौदा पोरं आणि भिंतीवर मी स्वतः लावलेली निळी पट्टी. तिच्यावर वेल्क्रोने चिकटवलेली सात चित्रं: चप्पल काढणं, दप्तर टांगणं, गोल करून बसणं, शू, हात धुणं, डबा, घरी जाणं. एक काम संपलं की ते कार्ड काढून ‘झालं’ लिहिलेल्या पिशवीत टाकायचं. तीन-चार वर्षांच्या पोरांवर ओरडून काही होत नाही. पुढे काय होणार ते डोळ्यांना दिसलं की पोर आपोआप शांत होतं. आधीच्या, माझगावच्या शाळेत यावरून सगळ्या बाया मला हसायच्या. इथल्या मुख्य बाई, प्रिती मॅडम, हसल्या नाहीत. त्यांच्याकडेही पूर्वी अशीच पट्टी होती म्हणे. चला, कदर करणारं माणूस भेटलं! हॉलला नवा रंग दिलाय. त्याचा वास मला आवडला.

बुधवार, १८ जून
अक्षदा म्हणजे आमची भोकाडसम्राज्ञी. आज तिला फक्त नळाचं चित्र दाखवलं, तर गुपचूप हात धुऊन आली. मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.
एक गंमत झाली. ‘घरी जाणं’च्या आधी पट्टीवर आठवं कार्ड होतं. खुर्चीत बसलेली मुलगी, मांडीवर हात, खाली ‘वाट बघ’. मी बनवलेलं नाही. त्याचं प्लास्टिक एका बाजूने तव्याला लागल्यासारखं आक्रसलंय. आया न्यायला आल्या तरी एकही पोर जागचं हलेना. मी कार्ड पिशवीत टाकलं तेव्हा कुठे उठली. आया म्हणाल्या, टीचर, आमच्या घरीपण एक लावून द्या. सगळ्या हसलो.

शुक्रवार, २० जून
कार्ड परत पट्टीवर होतं. मी कात्रीने दोन तुकडे करून कचऱ्यात टाकलं. डब्याच्या वेळेला पाहते तर पुन्हा तिथेच, अख्खं. पोरं डबे उघडून बसलेली, एक घास कोणी घेत नव्हतं. अक्षदा खोकत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि नजर कार्डावरून हटत नव्हती. मी ते ओढून काढलं, तर हाताला चटका बसला. बोटावर फोड आलाय.

मंगळवार, २४ जून
रखमाबाई इथे वीस वर्षं झाडलोट करतात. आज त्यांना बोट दाखवलं, तर त्यांनी झाडू बाजूला ठेवला. मग सगळं सांगितलं.
फेब्रुवारीत मीटरबॉक्सने पेट घेतला आणि हॉल धुराने भरला. प्रिती मॅडमनी पोरांना बाहेर काढलं. एक राहिली. मनाली, साडेचार वर्षांची, बोलायची नाही, पण कार्डं सगळ्यांत चांगली तिलाच कळायची. मॅडमनी सगळ्यांना सांगितलं की ती हात सोडवून आत पळाली, कुणाचं ऐकायचीच नाही. रखमाबाईंनी नंतर हॉल धुतला. पट्टीसमोरची छोटी खुर्ची पूर्ण काळी झाली होती, फक्त बसायची जागा स्वच्छ होती. पोर उठलीच नव्हती. वर पट्टीवर ‘वाट बघ’ तसंच चिकटलेलं.
मी विचारलं, हे कुणाला सांगितलं का नाही? त्या म्हणाल्या, “मला कोन इचारतंय, बाय.”
मनालीची आई, शैलाताई, याच चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहते. पोरगी हट्टी होती म्हणून गेली, असं तिला गेले चार महिने येणारा-जाणारा ऐकवतो. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आपण शिकवायचं, पोराने जीव जाईपर्यंत ऐकायचं, आणि वर त्यालाच हट्टी म्हणायचं!

बुधवार, २५ जून
मॅडमना विचारलं. चहा ढवळत म्हणाल्या की झालं ते झालं, आता उकरून कुणाचं भलं होणार आहे. पोरगी ऐकायची नाही, हे पुन्हा म्हणाल्या. मला त्यांचं थोबाड रंगवावंसं वाटलं. त्या बाईला शिक्षा व्हायला हवी. मी घडवीन.

शुक्रवार, २७ जून
पोरं घरी गेल्यावर मी पिशवीतलं ते कार्ड पट्टीवर एकटंच लावलं आणि मॅडमना हाक मारली.
त्या आल्या. कार्ड पाहिलं. पोरांच्या खुर्चीत बसल्या, मांडीवर हात ठेवले आणि तिथेच खिळल्या. फक्त डोळे माझ्याकडे. मला आनंद झाला, खोटं का लिहू. म्हटलं, बोला. आवाज फुटेना. मी पुन्हा म्हटलं. शेवटी बोलल्या: “ती पळाली नव्हती. मीच बसवलं होतं. कार्ड काढायला विसरले.”
हे शैलाताईंनी त्यांच्या तोंडून ऐकायलाच हवं होतं. मी धावत दुसऱ्या मजल्यावर गेले. शैलाताई यायला तयार होईनात. कारण न सांगता, नुसतं ‘खाली चला’ म्हणत समजावण्यात वीस मिनिटं गेली.
खाली आलो, तर मॅडम तशाच बसलेल्या. ओठ काळे. नाकपुड्यांत काजळी. हॉलमध्ये धूर नाही, आग नाही, काही नाही.
मी कार्ड काढलं नव्हतं.

शनिवार, २८ जून
पोलिसांनी विचारलं, शेवटी काही बोलल्या का. शैलाताई समोरच उभ्या होत्या. हो म्हटलं असतं, तर मॅडमना तसंच सोडून मी वर का गेले होते तेही सांगावं लागलं असतं.
मी म्हटलं, काही नाही बोलल्या.
शैलाताई जिना चढून गेल्या. जिन्यात कुणीतरी म्हणालं, त्या हट्टी पोरीपायी अजून एक जीव गेला. मी ऐकलं. गप्प बसले.

सोमवार, ३० जून
बालवाडी बंद. खोकला थांबत नाही. थुंकी काळी येते —
घरी आरशाच्या कडेला ते कार्ड होतं. अर्धा तास हलता आलं नाही. आईने आरसा पुसला, तेव्हा पडलं.
उद्या सामान आणते आणि सुटते. पुन्हा त्या गल्लीत पाऊल नाही —

मंगळवार, १ जुलै
दुपार. हॉल. पट्टीवर फक्त ते.
बसलेय. पाय उचलत नाहीत. हात तेवढा चालतो, वही मांडीवर होती म्हणून —
ओरडता येत नाही. मनालीलाही यायचं नाही.
धूर दिसत नाही, पण छातीत —
पावलं वाजली. शैलाताई! दारात. कार्ड काढा, एवढंच, दोन बोटांचं काम. बोलता येत नाही, वही पुढे केली —

त्यांनी वाचलं. सगळं. अठ्ठावीस तारखेचं पान दोनदा —

वही परत मांडीवर ठेवली. म्हणाल्या, “म्हणजे माझी पोर ऐकत होती.”
मी ‘हो’ लिहून दाखवलं.
कार्डाकडे गेल्या. हात वर नेला — आक्रसलेल्या कडेवरून बोट फिरवलं, गालावरून फिरवावं तसं — हात खाली घेतला — नाही, शैलाताई —
दाराकडे चालल्या. मागे बघत नाहीत. बाहेरून कडी —