सतराव्या मजल्यावरून खाली

१३ जानेवारी २०२५, सोमवार

वॉचमन म्हणाला, "गाडी आत अलाउड नाही."

घरापासून पाच मिनिटांवरची बाग. माझी मैत्रीण नूपुर शेजारी, मी खुर्चीत. गेटवर पाटी – वाहनांना प्रवेश बंद. नूपुर भांडायच्या तयारीत होती. मी म्हटलं, थांब. त्याला म्हटलं, "बरोबर आहे तुमचं. व्हीलचेअर इथे ठेवते. तुम्ही मला उचलून आत त्या बाकावर बसवा. बावन्न किलो आहे मी."

तो बाजूला झाला.

बाग अगदीच भिकार. दोन बाक, एक गंजकी घसरगुंडी, कुंपणावर कुणाच्या तरी चादरी वाळत घातलेल्या. तरी तासभर बसलो. मुद्दाम.

१६ जानेवारी

बाबा आज जेवताना म्हणाले, "बागेत काय होतं एवढं?" काही नव्हतं. म्हणून तर राग येतो – त्या काही नसलेल्या बागेत जायला मला चोवीस वर्षं लागली.

लालबागला जन्मले आणि लालबागच पाहिलं नाही. चाळीत तिसरा मजला. पाय जन्मापासूनच असे. बाबा पाठुंगळी घेऊन जिना उतरायचे – शाळा, दवाखाना, परीक्षा. बस. फिरायला ने असं म्हणायची माझी छाती नव्हती. मग चाळ पाडली, टॉवर होईपर्यंत भाड्याच्या खोलीत राहिलो, तीही दुसऱ्या मजल्यावर. बाबांची कंबर तिथे गेली. डॉक्टरांनी बजावलं, यापुढे वजन उचलायचं नाही, पाण्याची बादलीसुद्धा नाही. माझ्यामुळे गेली असं घरात कुणी म्हणत नाही. म्हणायची गरजही नाही.

नोव्हेंबरात टॉवरमध्ये आलो. सतरावा मजला. तीन लिफ्ट. पहिल्या दिवशी मी एकटी सहा वेळा खाली-वर केलं. लिफ्टमधल्या बाईंना वाटलं, बटण कळत नाही मला.

आता ठरवलंय. घरापासून तासाभरात पोचता येईल असं सगळं बघायचं. माझं काम दुपारी दोनला सुरू होतं – विमा कंपनीचे कॉल ऐकायचे आणि टाइप करायचे. सकाळ माझी. नूपुर हिंदमाताला साडीच्या दुकानात आहे, तिची सुट्टी सोमवारी. म्हणून सोमवार. आणि लवूकाका आहेतच – चाळीतले शेजारी, बाबांचे जिवलग. टॅक्सी त्यांची, खुर्ची डिकीत बसते.

बाबा म्हणतात, खिडकीतून सगळं दिसतं की. दिसतं. दोन टॉवरच्या फटीतून समुद्राची एक पट्टी दिसते, मोजपट्टीएवढी.

२० जानेवारी, सोमवार

राणीची बाग. लहानपणी एकदा, दवाखान्यातून परतताना, बाबांच्या पाठीवरून पाहिली होती. आठवते ती बाबांच्या शर्टाची घामानं भिजलेली कॉलर आणि लांब कुठेतरी हत्तीची शेपटी.

आज पेंग्विन पाहिले. पण खरं पाहिली ती झाडं. गोरखचिंचेच्या बुंध्याला हात लावला. हत्तीच्या कातडीसारखा लागतो – म्हणजे हत्तीला हात लावलेला नाही मी, अंदाजानं लिहितेय. सपाट रस्ते, मी स्वतः ढकलत फिरले. तळहात सोलले. नूपुर मागून म्हणायची, "मी ढकलते गं." मी म्हटलं, तू फोटो काढ.

माकडांच्या पिंजऱ्यापाशी एका बाईनं माझ्या मांडीवर केळं ठेवलं. "बिचारी," म्हणाली, आणि नमस्कार करून गेली. नूपुर तिच्या मागे धावणार होती. मी केळं सोललं, अर्धं तिला दिलं. चांगलं होतं.

२७ जानेवारी, सोमवार

शिवाजी पार्क. कट्ट्याला पूर्ण फेरी मारली. रिटायर्ड लोकांच्या एका ग्रुपनं विचारलं, अपघात झाला का? मी म्हटलं, नाही, जन्म झाला. एक आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. नंतर त्यांनीच चहा पाजला.

३ फेब्रुवारी

पाऊण दिवस ताप. गेले नाही. बाबांच्या चेहऱ्यावर समाधान. ते लपवायचा प्रयत्नही करत नाहीत.

१० फेब्रुवारी, सोमवार

लिहायला बसले तर पेन धरवत नाहीये. दमल्यानं. 

गिरगाव चौपाटी. सकाळी साडेसहाला पोचलो. लवूकाकांनी सोडलं आणि चहा प्यायला गेले. फरसबंदीवरून वाळूत उतरलो, दहा पावलांत चाकं रुतली. नूपुरनं ओढलं, आणखी रुतली. दोघीजणी लालबुंद. पाणी समोर, शंभरेक पावलांवर. त्याचा आवाज ऐकू येत होता.

नूपुर म्हणाली, "इथूनच बघू ना. दिसतंय छान."

ते वाक्य ऐकलं आणि डोकं फिरलं. तिची चूक नाही. पण हेच वाक्य मी जन्मभर ऐकलंय. इथूनच बघ. गॅलरीतून बघ. टीव्हीवर बघ.

ब्रेक लावला, ओढणी कमरेला बांधली आणि उतरले खाली वाळूत. हातांवर जोर देत, मागे पाय ओढत, निघाले. घरात मी अशीच फिरते. बाहेर कधीच नाही. वरची वाळू कोरडी, हात आत जातो. पुढे ओली लागली, घट्ट, मग सोपं झालं. लोक थांबले. एक माणूस धावत आला, "मॅडम, उठवू का?" नको. एकानं मोबाइल काढला. काढू दे. मी थांबले नाही. दोनदा थांबले – पण श्वासासाठी.

पाणी आलं. थंड. आधी हातांवर, मग कमरेपर्यंत. नूपुर शेजारी बसली, नवी सलवार, पूर्ण भिजली.  किती वेळ बसलो, माहीत नाही. समुद्र मोजपट्टीएवढा नाही.

परत येताना ती लवूकाकांना बोलवायला निघाली. मी म्हटलं, ज्या रस्त्यानं गेले त्याच रस्त्यानं येणार. आले. काका खुर्चीपाशी उभे होते. म्हणाले, "सगळी रेव लागली गो तुका." आणि सीटवर स्वतःचा टॉवेल पसरला.

१२ फेब्रुवारी

चौपाटीवरच्या त्या माणसानं काढलेला व्हिडिओ बिल्डिंगच्या ग्रुपवर आला. खाली कुणीतरी लिहिलंय, सलाम. कुणीतरी हात जोडलेत. बाराव्या मजल्यावरच्यानं लिहिलंय, घरच्यांनी असं एकटं सोडू नये.

बाबांनी बघितला. दोनदा. मग फोन पालथा ठेवला.

"लोकांच्या पायांत सरपटत होतीस."

"पाण्यापर्यंत जात होते."

"तिथं काही झालं असतं म्हणजे? लाट आली असती. कोण उचलणार होतं तुला? नूपुर?"

"कुणी नाही. मी माझी."

"मला नाही उचलता येत आता. कळतंय का तुला? मी तिथं असतो तरी मला नसतं उचलता आलं."

तेव्हा मी बोलू नये ते बोलले. म्हटलं, "तुम्हाला काळजी नाही, लाज वाटते. पाठीवर होते तोवर ठीक होतं, तेव्हा लोक तुम्हाला शाबासकी द्यायचे."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आकांक्षा." एवढंच.

बाबा उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

१३ फेब्रुवारी

शब्द मागे घ्यावेत का? नाही. त्यातले अर्धे खरे आहेत. कुठले अर्धे, ते मात्र कळत नाही.

१६ फेब्रुवारी

लवूकाकांना फोन केला, उद्या वरळीला सोडाल का.  ते म्हणाले, "आनंदा नको म्हणता गो. मी तेका शबुद दिलाय." आनंदा म्हणजे बाबा.

वा. पाय बंद होतेच, आता टॅक्सीही बंद.

नूपुरच्या दुकानात लग्नसराई, महिनाभर सोमवारची सुट्टी नाही. म्हणजे तीही नाही. बाबांना वाटत असेल, संपलं.

२ मार्च

दोन आठवडे बसचा अभ्यास केला. रोज सकाळी खाली उतरायचं, स्टॉपवर जाऊन बसायचं, बघायचं. कुठली बस खालच्या तळाची, बिनपायऱ्यांची, कुठल्या दारातून रॅम्प निघतो, ड्रायव्हर थांबतो का. स्टॉपवरची भजीवाली ओळखायला लागली. तिला वाटतं, माझं कुणावर तरी प्रेम आहे आणि तो बसनं येतो.

बाबांशी बोलणं – मीठ दे, पंखा लाव. एवढंच.

१० मार्च, सोमवार

सकाळी चहा घेताना सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. "मी वरळी कोळीवाड्याला जातेय. बसनं. एकटी."

आईनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी पेपराचं पान उलटलं. मी निघाले.

दोन बस सोडल्या, उंच पायऱ्या. तिसरी थांबली. ड्रायव्हर स्वतः उतरला, रॅम्प टाकला, मला आत घेऊन पट्टा लावला. "कुठं उतरायचं ताई? आरशात हात करा, मी बघतो." मागे कुणीतरी कुरकुरलं, उशीर होतोय म्हणून. तो म्हणाला, "होऊ दे." पूर्ण रस्ताभर मी खिडकीबाहेर बघत होते आणि एकही गोष्ट आठवत नाही. नुसते स्टॉप मोजत होते.

उतरले. बस गेली. आणि वीस हातांवर पुढचं छोटं चाक उखडलेल्या लादीत अडकलं. खुर्ची थांबली, मी नाही. तोंडावर पडले रस्त्यात.

कोपर फुटलं. दोन सेकंद काहीच ऐकू येईना. मग मागे एक हॉर्न, एक स्कूटर वळसा घालून गेली. आणि बाबांचा आवाज डोक्यात – कोण उचलणार होतं तुला.

फुटपाथवर एक बाई बोंबील घेऊन बसली होती. आनंदीबाई, नाव नंतर कळलं. साठीची, दणकट. उठून आली. तिनं मला धरलं नाही. विचारलं, "काय करू सांग."

हे आजवर मला कुणी विचारलं नव्हतं. सगळे आधी उचलतात, मग विचारतात.

म्हटलं, "खुर्ची सरळ करा आणि घट्ट धरा. बाकी मी बघते."

तिनं खुर्ची उभी केली, मी ब्रेक लावला, ती मागून दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. पहिल्यांदा हात घसरला, रक्तानं. ती हलली नाही. दुसऱ्यांदा वर आले. बसले. तिनं मडक्यातलं पाणी कोपरावर ओतलं आणि म्हणाली, "कुणासोबत आलीस?"

"एकटी."

"मग नीट बघून जा सगळं. एवढी आलीस तर."

गल्ल्या अरुंद, दोन घरांच्या मधून खुर्ची जेमतेम जाते. एका ठिकाणी कुणाची तरी बादली हलवावी लागली, दुसरीकडे मोटरसायकल. बायका दारात बसून मासे निवडत होत्या, त्यांनी पाय आत घेतले आणि बोलणं तसंच चालू ठेवलं. कुणी बिचारी म्हणालं नाही. शेवटी एकदम किनारा. होड्या ओढून ठेवलेल्या, जाळी पसरलेली, दोऱ्यांवर बोंबील वाळत टांगलेले, आणि मागे समुद्रावरचा तो मोठा पूल. वास असा की डोळ्यांत पाणी आलं. वासानंच आलं असं म्हणते.

तासभर होते. परतताना आनंदीबाईनं कागदात सहा बोंबील बांधून दिले.

घरी पोचले तेव्हा बाबा खुर्चीत बसून पेपर वाचत होते. सकाळचाच. टेबलावर कापूस आणि औषधाची बाटली. आईनं ठेवली असणार. कोणी काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

बोंबील आईनं तळले. बाबांनी तीन खाल्ले.

१७ मार्च, सोमवार

दादर चौपाटी. एकटी, बसनं. पडले नाही.

२४ मार्च, सोमवार

आज खाली गेटवर लवूकाका भेटले. मी मान वळवून पुढे निघाले होते. ते खुर्चीच्या पुढ्यात येऊन उभे राहिले.

"रागावलंस तर रागाव. पण एक सांगतंय. वरळीक तुझ्या बसच्या मागे माझी टॅक्सी होती. तुझो बापूस बाजूक बसलेलो."

मला आधी नुसता संताप आला. म्हणजे एकटी नव्हतेच. तेवढं एक माझं होतं, तेही गेलं.

म्हटलं, "मग मी पडले तेव्हा?"

काका म्हणाले, "मी दार उघडून धावतच होतंय. तेनी माझो हात धरलो. असो धरलो की दोन दिवस दुखत होतो. माका म्हणालो, थांब रे. उठतली ती."