पेट्यांवरचं काळं कापड

४ ऑक्टोबर, शनिवार

पोचले एकदाची! बोस्टनहून चार तास गाडी हाकत आले. शेवटचा तास व्हरमाँटच्या डोंगरातून, दोन्ही बाजूंना लालभडक मेपल, आणि माझी कंबर मात्र कामातून गेलेली. नवरीकडच्या पीसली मंडळींनी शेतघरात वरच्या मजल्यावरची पूर्वेची खोली दिली आहे. पलंग मऊ आहे. खिडकीच्या चौकटीला बोटभर फट आहे, तिच्यातून गार वारा येतो, पण सफरचंदांचा वासही येतो. तेव्हा तक्रार नाही.

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांची लग्नं पार पाडते आहे. हे शेवटचं. यानंतर ही लॉरेन थिबोडो खुर्चीत बसणार आणि कुणाच्याही केकची चिंता करणार नाही.

नवरी टॅमसिन सव्वीस वर्षांची आहे, हसली की सगळं घर ऐकतं. तिला हॅलोविनच्याच दिवशी लग्न करायचं आहे, तेही भुताटकीचं. काळा झगा, शवपेटीच्या आकाराचा केक, टेबलाटेबलावर थडग्याचे छोटे दगड आणि त्यांवर पाहुण्यांची नावं. तिची आई कोरीन कपाळाला हात लावून बसली आहे. लोक आहेर घेऊन येतील की प्रेतावर वाहायची फुलं, असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, फुलं आली तर तीही सजावटीत खपवू. दोघी हसलो. बरी माणसं आहेत.

७ ऑक्टोबर, मंगळवार

प्लास्टिकचे बारा सांगाडे आले. ते कोठारात टेबलाभोवती बसवले आणि चाळीस भोपळ्यांना काळा रंग फासला. गुडघे बोलायला लागले आहेत.

दुपारी ऑल्डनकाकांनी मधमाश्या दाखवल्या. हे टॅमसिनच्या आजोबांचे धाकटे भाऊ, वय ब्याऐंशी, पण चालतात माझ्यापेक्षा झपाझप. कोठारामागे पांढऱ्या आठ पेट्या आहेत. एकीचं झाकण काढून त्यांनी मला तळाशी पडलेला उंदीर दाखवला, तपकिरी चकाकत्या थराखाली अख्खा, मिश्यांसकट. म्हणाले, गेल्या हिवाळ्यात आत शिरला आणि मेला. मेलेलं जड काही पेटीत असलं आणि ओढून बाहेर टाकता येत नसलं, तर माश्या झाडांची राळ आणून त्याला लिंपून टाकतात. सडू नये म्हणून.

घरातली प्रत्येक गोष्ट त्यांना सांगावी लागते, असंही म्हणाले. बाळ झालं, लग्न ठरलं, कुणी गेलं, सगळं. लग्नाच्या दिवशी नवरी घराच्या किल्लीने पेटीवर तीनदा ठोकते, बातमी देते आणि केकचा पहिला तुकडा त्यांच्यापुढे ठेवते. मला गंमत वाटली. रोज चहात त्यांचाच मध घालते आहे, तेव्हा ओळखदेख असलेली बरी.

उद्या ते डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी बहिणीकडे मेन राज्यात जाणार आहेत, अडीच आठवडे.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज निमंत्रणासाठी फोटो काढले. जिन्यात या घराचा एक जुना फोटो आहे, त्यात मधपेट्यांवर काळं झिरझिरीत कापड सोडलेलं दिसतं. काय सुंदर दिसतं! माझ्याकडे टेबलांसाठी आणलेलं तसलंच कापड होतं, ते मी आठही पेट्यांवर सोडलं. मागे लाल मेपल, पुढे काळ्या झग्यातली टॅमसिन. एकतीस वर्षांत इतका चांगला फोटो जमला नव्हता.

मग टॅमसिन म्हणाली, आता बातमी द्यायलाच हवी. "लॉरेन, तुम्हीच द्या ना! अगदी रडका चेहरा करा हं!" तिने किल्ली माझ्या हातात ठेवली. मी पहिल्या पेटीवर तीनदा ठोकलं आणि गळा काढून म्हटलं, "माश्यांनो, तुमची टॅमसिन गेली हो!"

पोरगी हसून हसून लोळायची बाकी राहिली होती. आठही पेट्यांतली गुणगुण एकाच वेळी थांबली. थंडीमुळे असेल. कापड लग्नापर्यंत तसंच राहू द्यायचं ठरलं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी गवतावर दहिवर होतं. अशा थंडीत माश्या बाहेर पडत नाहीत म्हणतात. पडल्या होत्या. टॅमसिनच्या खिडकीच्या काचेवर बाहेरून शंभरएक बसल्या होत्या. ना आवाज, ना हालचाल.

टॅमसिनचा घसा बसला आहे. मी आलं घालून चहा दिला. मध नको म्हणाली.

१८ ऑक्टोबर, शनिवार

टॅमसिनची खिडकी उघडेना. चौकटीच्या सगळ्या फटी तपकिरी चिकट राळेने बुजल्या आहेत. कोरीनने अर्धा तास सुरीने खरवडून काढली. दुपारी जेवून वर गेलो, तर पुन्हा भरलेली.

कोरीनचं म्हणणं, जुनं घर आहे, लाकूड पाझरत असेल. मीही मान डोलावली. मला भांडायचं त्राण नाही. केकवाल्याला रंग पुन्हा समजावायचा आहे, वादकांना तीनदा फोन करायचा आहे, आणि रात्रभर झोपूनसुद्धा सकाळी अंग शिसं झालेलं असतं.

२२ ऑक्टोबर, बुधवार

टॅमसिन जेवत नाही. झगा मापाला बसतो का पाहायला उभी केली तर टाचण्या लावेपर्यंत तिला उभं राहवेना. तिच्या मनगटाला हात लागला. कातडीवर पातळ, कडक, चकाकतं काहीतरी होतं. नखाने खरवडलं तर पापुद्रा निघाला. वास त्या उंदराच्या पेटीसारखा.

डॉक्टर येऊन गेले. लग्नाचा ताण म्हणाले.

तिने माझा हात धरला आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, की आपण त्यांना खोटं सांगितलं म्हणून त्या रागावल्यात का. मी म्हटलं, वेडी का तू.

२५ ऑक्टोबर, शनिवार

ऑल्डनकाका परतले. गाडीतून उतरताच त्यांनी काळं कापड पाहिलं आणि विचारलं, कोण गेलं?

मी सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, काळं कापड फक्त मेलेल्यासाठी घालतात. जिन्यातला फोटो त्यांचा भाऊ गेला त्या दिवशीचा. या घरातलं कुणी मेलं अशी बातमी माश्यांना मिळाली आहे, नावानिशी. आता त्या आपलं काम करताहेत.

मी कापड ओरबाडून काढलं. माझ्या हातांवर माश्या बसल्या. एकही चावली नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

कापड काढून उपयोग नाही. काकांनी पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं, टॅमसिन जिवंत आहे. टॅमसिनला गाडीत घालून तीस मैल नेलं. गाडीच्या काचांच्या कडा आतून बुजल्या. तिला श्वास घेता येईना, म्हणून परत आणलं.

काका म्हणतात, बातमी परत घेता येत नाही. नाव बदलता येतं, पण ज्याने बातमी दिली त्यानेच बदलायचं. आणि नाव या घरातल्या माणसाचं हवं. इथे झोपणारा, त्यांचा मध खाणारा कुणीही चालतो.

"माझं सांगा, बाई," म्हणाले. "माझं झालंय सगळं. पण आज-उद्याच सांगा. पोरीचे ओठ मिटायला लागलेत."

२९ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी किल्ली घेऊन गेले. काका कोठाराच्या दारात टोपी हातात घेऊन उभे. त्यांनी दाढी केली होती. धुतलेला सदरा घातला होता.

तीनदा ठोकलं. त्यांचं नाव जिभेवर होतं.

नाही सांगू शकले. त्या माणसाला हिवाळ्यात आठ पेट्या सांभाळायच्या आहेत. टॅमसिनला लग्न करायचं आहे. मला फक्त बसायचं आहे. आणि चूक माझी आहे. माझी, माझी, माझी.

काकांना ऐकू जाऊ नये म्हणून हळू म्हटलं — "टॅमसिन नव्हे. लॉरेन."

पेट्या बोलायला लागल्या.

दुपारी टॅमसिन स्वतः जिना उतरली. सायडर प्यायली, दोन डोनट खाल्ले. कोरीन रडत होती. काका माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं. मी नजर चुकवून भोपळे मोजायला गेले.

३० ऑक्टोबर, गुरुवार

खिडकीतून वारा येत नाही. फट बुजली.

घाबरले आहे. लिहूनच टाकते, फार घाबरले आहे. पण दमणं भीतीपेक्षा मोठं — बसले की उठवत नाही. बोटं एकमेकांना चिकटतात. गरम पाण्यात धरली की सुटतात, थोडी.

काकांनी ती किल्ली फेकून दिली म्हणे, तळ्यात. कोरीन चिडली, घराची आता एकच किल्ली उरली. काय उपयोग. सांगायचं ते सांगून झालं.

३१ ऑक्टोबर

लग्न. खाली वाद्यं लागली. दार उघडत नाही — चौकटीभोवती राळ, चकचकीत. मला हाका मारत होते, लॉरेन कुठे, केक आला, लॉरेन — मग थांबले.

दुखत नाही. ऊब आहे. भिंतीत सगळीकडे गुणगु—

टॅमसिन हसली. इथवर ऐकू आलं. चांगलं हसते पोरगी —

जिन्यावर पावलं. झग्याची सळसळ. दारावर किल्ली. एक. दोन. तीन.

म्हणते आहे, आज माझं लग्न झालं, तुम्हाला सांगायला आले. पहिला तुकडा दाराशी ठेवलाय. रडते आहे. रडू नको गं —

ओ द्यायची आहे तिला. ओठ सोडवले, नखाने. तोंड उघडलं तर आतून एक उडून कागदावर बस