विवरणपत्रात शिरलेलं कुटुंब

ती. वन्संना भावजयीचा वाकून नमस्कार.

आम्ही तिघं इथे खुशाल आहोत. (तिघं कशी ते पुढे येतंच आहे, पाळण्याची बातमी नाही, उगाच हुरळून जाऊ नका.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मी करून दिलेली कवळी आता नीट बसते ना? खालचा डावा कोपरा टोचत असेल तर मागच्यासारखी कानशीने घासत बसू नका, माझ्याकडे पाठवा. कारखान्यात दिवसाला दहाजणांचे दात करते, घरच्या माणसाचे करायला माझं काय जातंय.

आता मुद्द्याचं. इथल्या करखात्याचा नियम असा, की नवरा-बायकोचं विवरणपत्र एकच आणि त्यात प्रमुखही एकच. बायको मिळवती असली की तिचा पगार नवऱ्याच्या पगारावर चढवतात, त्यामुळे माझ्या पहिल्या पैशालाच त्यांचा वरचा दर लागतो. बायको घरी बसली, तर उलट नवऱ्याला सूट. (नियम करणाऱ्यांच्या घरी कोण बसत असेल, देव जाणे.) तर यंदा फॉर्म भरताना तुमच्या बंधुराजांनी 'घरातील व्यक्ती' या रकान्यात माझं नाव लिहिलं, आणि शेजारी नातं लिहायचं ते चुकून खालच्या ओळीत लिहिलं. बरं, सरळ 'पत्नी' लिहावं की नाही? पण त्यांची तऱ्हा तुम्हाला माहीत आहे, बायकोला बायको म्हणायला अजून लाजतात. लिहिलं, 'कुटुंब'. झालं. खात्याने माझ्याखाली आणखी एक बाई नोंदवली: नाव कुटुंब, उत्पन्न शून्य. आणि तिच्यापोटी यांना सूट मंजूर केली. चूक सुधारून घ्या म्हटलं, तर म्हणाले, आपण कुठे मागायला गेलो होतो.

मग एका दुपारी खात्याच्या तपासनीस बाई येऊन गेल्या. मी कामावर, हे कचेरीत, दाराला कुलूप. संध्याकाळी दाराच्या फटीत त्यांची चिठ्ठी सापडली: 'कुटुंब घरीच होते. चहा दिला. साखर कमी.' मी हसले. आत जाऊन पाहते तर ओट्यावर दोन कप धुऊन पालथे घातलेले, आणि ओटा अजून ओला.

खरं सांगते, पहिले पंधरा दिवस मी चकार शब्द काढला नाही. कपड्यांच्या घड्या कपाटात, भाजी निवडलेली, यांच्या शर्टांची तुटकी बटणं लावलेली. कामावरून दमून आलेल्या बाईने असल्या भुताला हाकलायचं म्हणजे जरा अतीच. (यांना विचारलं तर म्हणाले, हल्ली घराकडे छान लक्ष देतेस. अठरा वर्षांत पहिलं कौतुक, तेही दुसरीचं.) पण पुढे झालं असं, की ती काही दिसायला लागली नाही, मीच कमी दिसायला लागले. शेजारीण जिन्यात मला विचारते, कोणाकडे आलात. जेवणाच्या टेबलावर ताटं दोनच मांडलेली असतात, आणि त्यातलं एकही माझ्या जागेवर नसतं. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून हे मीठ मागतात, आणि मीठ सरकतं.

गेल्या आठवड्यात नोटीस आली. एका प्रमुखाला दोन बायका चालत नाहीत, एक कमी करा. मी नोकरी सोडली तर 'कुटुंब' म्हणून मलाच कायम करतील आणि तिची नोंद पुसतील. मुदत महिनाअखेर. यांनी कागदावर आकडेमोड केली आणि म्हणाले, तसं बघता तुझी नोकरी आपल्याला महागच पडते. रागाने नाही हो, अगदी मायेने म्हणाले, आणि तेच मला झोंबलं. एकवीस वर्षं मी कवळ्यांसाठी मेण कोरतेय, माझ्या हातच्या दातांनी अर्धं गाव चावतंय, आणि मी महाग. वन्सं, मला तिची भीती नाही वाटत. नोकरी सोडून भर दुपारी त्या ओट्यापाशी उभी राहिले, तर मी कुठे संपले आणि ती कुठे सुरू झाली हे मलाही सांगता येणार नाही, याची वाटते.

पत्र फार लांबलं. गुडघ्याला जपा, जिने चढू नका.

तुमची,
भावजय

ता. क. नोटिशीत अगदी खाली एक सोय दिली आहे. बायको कोण, हे प्रमुखाच्या सख्ख्या बहिणीने लिहून दिलं तर खातं मानतं. तर सोबतच्या कागदावर 'कुटुंब हीच पत्नी' असं लिहून सही करा, आणि मला पोटभाडेकरू म्हणून दाखवा. पोटभाडेकरूचा पगार वेगळा धरतात, कर निम्म्यावर येतो, आणि फॉर्मवर पहिल्या ओळीत आपलं स्वतःचं नाव. तुमच्या भावाला मी टाकलं असं समजू नका. राहीन इथेच.

ता. क. २. त्यांना अजून विचारलेलं नाही. फरक कळेल असं वाटत नाही.

ता. क. ३. पाकीट चिकटवायच्या आधी पाणी प्यायला उठले होते. परत येऊन बघते तर इथे खाली एक ओळ आहे, माझ्याच पेनने लिहिलेली, अक्षर माझ्याहून सुबक. खोडवत नाही, म्हणून तशीच पाठवते:

'वन्सं, सही करू नका. हिच्या कारखान्यात एखादी जागा असेल तर मलाही चिकटवायला सांगा.'