खालून वर लावायच्या पाकळ्या

आई,

तुला जाऊन खूप वर्षं झाली आणि मी आज अमेरिकेत, एडिसन गावातल्या आपल्या घरी, गॅरेजमध्ये, एका फळीवर ओली माती थापून बसले आहे. शेजारी झेंडूच्या पाकळ्यांचं ताट. तू असतीस तर म्हणाली असतीस, "हा काय पसारा मांडलायस?" पसाराच आहे, डर्बीशरमधल्या त्या गावाचा.

बाबांच्या हॉस्पिटलातल्या नोकरीपायी आपण तिथे, विलायतेत, तीन वर्षं काढली. उन्हाळ्यात गावातल्या बायका विहिरी सजवायच्या. पाण्याचे आभार म्हणून मोठ्या फळीवर मीठ घालून मळलेली चिकणमाती थापायची आणि तिच्यात पाकळ्या दाबून चित्र भरायचं. "अगं, ही तर फुलांची रांगोळी!" असं म्हणून तू पदर खोचलास आणि चर्चच्या हॉलमध्ये त्यांच्यात जाऊन बसलीस. गावात आल्यापासून कुणी तुला कशात तरी बोलावलं, ते तेव्हाच पहिल्यांदा. कोपऱ्यातलं पांढरं कबुतर तुझ्या वाट्याला आलं होतं. तुला इतकं खूश मी त्या गावात दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

रांगोळीच्या सवयीने तू मधून बाहेर भरत निघालीस. सगळा कारभार बघणारी म्हातारी, जिला तू मावशी म्हणायचीस, माझ्याजवळ आली. "आईला सांग, खालून वर जायचं. कौलांसारखी एकीवर एक पाकळी. नाहीतर पाऊस आत शिरतो." तुझी दुभाषी मीच, दहा वर्षांची. समोर माझ्या वर्गातल्या दोन मुली तुझ्या साडीकडे बघत उभ्या होत्या. त्यांच्यासमोर मला मराठीत तोंड उघडायचं नव्हतं. मी म्हातारीकडे बघून मान डोलावली आणि तुला ते सांगितलंच नाही.

रविवारी मिरवणूक विहिरीशी आली तेव्हा सकाळपासून पाऊस लागलेला. सगळं चित्र शाबूत, फक्त तुझं कबुतर ओघळून गेलेलं, मागची माती उघडी. म्हातारी तुझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "पावसापुढे कुणाचं काय चालतं?" तेवढं इंग्रजी तुला कळत होतं. घरी येऊन तू माझ्याकडे पाठ करून कणीक मळत राहिलीस. "माझ्या हातालाच वळण नाही," एवढंच म्हणालीस. पुढच्या वर्षी त्यांनी बोलावलं, तू गेली नाहीस. मग आपण अमेरिकेत आलो. दिवाळीला इथल्या सगळ्या काकू दारात रांगोळ्या काढायच्या आणि तू दुकानातून आणलेलं रांगोळीचं स्टिकर चिकटवायचीस.

सांगायला मला वर्षं कमी नव्हती. केमोच्या खुर्चीशेजारी मी तासन्‌तास बसले आहे. एकदा सुरुवातही केली, "आई, ते कबुतर..." तू डोळे न उघडता विचारलंस, "कसलं गं?" मी म्हटलं, काही नाही. आता हे पत्राचे कागद कुठल्या पेटीत टाकायचे, आई? कुठेच टाकता येत नाहीत म्हणून तर लिहायची हिंमत झाली. माझी मलाच इतकी चीड येते की लिहूनही काही हलकं होत नाही.

मघाशी तुझी नात डोकावली. "आई, धिस इज सो कूल! आजी का नाही करायची असलं काही? वॉज शी बॅड अ‍ॅट इट?" माझ्या बोटांत पाकळी होती, खालच्या ओळीवर ती नीट चढवत होते. विचारणारी पोर घरचीच, आणि या वेळी ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं.

मी म्हणाले, "हो गं, तिला नाही जमायचं."