पुलाखाली उभ्या राहिलेल्या बाईचे मृत्युपत्र

मी, खाली सही करणारी, बांधकाम खात्यातली निवृत्त अभियंता, वय एक्क्याऐंशी, राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. दडपण आणायचा प्रयत्न भाच्याने केला, पण कोणता भार किती सोसायचा हे ठरवण्यातच माझी नोकरी गेली.

१. नदीवरचा पूल माझ्या मालकीचा नाही, म्हणून तो कोणाला देता येत नाही. आराखडे माझे, फलकावर नाव मोठ्या साहेबांचे. आमच्याकडे रिवाज असा, की नव्या पुलावर भरलेले ट्रक चढवले की तो रचणाऱ्याने खाली उभे राहायचे. त्या सकाळी साहेबांना ताप भरला. फलकाच्या दिवशी ते ठणठणीत होते. खाली मी उभी राहिले. भीतीने दातखीळ बसली होती, पण जागची हलले नाही. साहेबांच्या वारसांना मी तो ताप परत करते.

२. कामावर बायकांसाठी संडास नव्हता. मागितला, तर ‘एका बाईसाठी?’ असे उत्तर आले. दुसरी बाई का येत नाही, यावर मात्र समिती नेमली. माझ्या बचतीतून, आता सुरू झालेल्या नव्या पुलाच्या कामावर तो बांधावा. फलक लावायचाच असेल तर मोठ्या साहेबांच्या नावाचा लावावा.

३. ‘आद्य महिला अभियंता’ म्हणून खात्याने माझा सत्कार केला. वक्त्यांनी माझ्या स्वयंपाकाची तोंड भरून स्तुती केली. ते माझ्याकडे कधी जेवलेले नाहीत. भेट मिळालेला मिक्सर त्यांना द्यावा.

४. राहते घर व मोजणीची दुर्बीण भाच्याच्या मुलीला, म्हणजे आमच्या ठिणगीला. नव्या पुलावर तिला नोकरी लागली आहे. बाप जाऊ देत नाही. “माझ्या घरात राहायचं तर माझं ऐकायचं,” म्हणतो. घर माझे आहे, हे तो विसरला असावा. पण म्हणणे रास्त आहे, म्हणून घर तिच्या नावे. ठिणगे, पुलाखाली पाय कापतील, कापू देत. तुझा मला फार अभिमान वाटतो. तोंडावर सांगायला जमले नाही.

५. भाच्याला आरामखुर्ची. त्याने याच घरात सुखाने राहावे, मुलीचे ऐकून.

स्थळ: जेवणाचे टेबल. दिनांक: ११ मार्च.
(सही)

साक्षीदार:

१. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई. बाई पूर्ण शुद्धीत आहेत. “आधी वाच, मग सही कर,” असे त्यांनी भाच्याला दोनदा बजावले. “बायकांच्या लिहिण्यात काय वाचायचंय, आत्या?” असे तो म्हणाला, याचीही मी साक्षीदार आहे. (सही)

२. भाचा. (सही)